केसाळ शेवाळ

"अजून डावीकडे. अगं, तुझी डावी नाही, माझी डावी!"

"माझा हात पाण्यात, आता तुझी डावी कुठून शोधू?"

सुईताईचा हात कोपरापर्यंत माशांच्या टाकीत होता. जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने ती काचेवरचं हिरवं आतून खरवडत होती, आणि धाकटा भाऊ समोर स्टुलावर बसून बोटाने दाखवत होता. वरून वाकलेल्याला समोरची काच नीट दिसत नाही, म्हणून हे काम दोघांचं. पूर्वी वडील खरवडायचे आणि ती दाखवायची. वडील गेले, हात बदलले, रविवारचा रिवाज तोच राहिला.

"झालं का?"

"कसलं झालं! माझ्या नाकासमोर तळहाताएवढं राहिलंय. ताई, लोकांचं रक्त काढताना तरी नीट बघतेस ना?"

ती तपासणी केंद्रात रक्त काढायची, म्हणून सुईताई. हात असा हलका, की घाबरट माणसंसुद्धा डोळे उघडून "झालं?" असं विचारायची. लग्न केलं नव्हतं; का, हे विचारणारेही आता थकले होते. घर भावाच्या नावावर होतं. वडिलांनी तसं केलं तेव्हा तिनेच आधी मान डोलावली होती. बहीणभावात कसलं आलंय तुझं-माझं! भाऊही म्हणाला होता, "ताई, तू आहेस तोवर हे घर तुझंच." तिने ते खरं मानलं. न मानायला काय झालं होतं? त्याला बोट धरून चालायला तिनेच शिकवलं होतं.

पण हल्ली टाकीला काय धाड भरली होती कोण जाणे. काचेचं एक वेळ ठीक, आता टाकीतल्या रोपांच्या पानापानांवर हिरवे केस उगवले होते. टूथब्रशला गुंडाळून ती ते ओढून काढायची, आठवड्याभरात पुन्हा जैसे थे. खत बंद केलं, पाणी बदललं, माशांचं खाणं अर्ध्यावर आणलं. रोपं सुकायला लागली, शेवाळ मात्र ढिम्म. वडिलांनी लावलेली रोपं होती ती. तिचा जीव तुटायचा.

शेवटी ती रंगीत माशांच्या दुकानात गेली. दुकानदाराला सगळे बुडबुडेकाका म्हणत.

"दिवा किती वेळ असतो?" काकांनी विचारलं.

"चार ते दहा. टायमर आहे ना."

"मग दुपारी कोणीतरी लावतंय."

"दुपारी घरात चिटपाखरू नसतं, काका. मी कामावर, भाऊ कामावर."

"ताई, माणूस खोटं बोलेल, शेवाळ कशाला बोलेल? त्याला उजेड मिळतोय. आणि हे केसाळ शेवाळ म्हणजे सख्ख्या नातेवाइकासारखं. मिठी मारतं आणि केसाने गळा कापतं!" स्वतःच्याच विनोदावर काका खो खो हसले. तीही हसली. "चार दिवस टाकी झाकून ठेवा. मिट्ट काळोख. रोपं तग धरतील, मासेही धरतील, हे उपाशी मरेल. मध्येच उघडून बघायचं नाही, काय?"

त्याच संध्याकाळी तिने दिवा आणि टायमर बंद करून टाकीला जाड ब्लँकेट गुंडाळलं आणि कामावरच्या चिकटपट्टीने पक्कं केलं. प्रत्येक पट्टीचं टोक तिने दुमडलं. ही तिची सवय. कोणाला पट्टी काढताना नखाने उकरत बसायला लागू नये.

भावाचा चेहरा पडला. "चार दिवस? खोली कशी भकास दिसतेय बघ!"

"कोण येतंय आपल्याकडे बघायला?"

"कोणी नाही. आपलं म्हटलं."

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली, तर दोन पट्ट्यांची टोकं सपाट दाबलेली होती. तिने कधीच दाबली नसती तशी.

"सुटल्या होत्या, मी लावल्या पुन्हा," भाऊ म्हणाला.

बिचारा, किती लक्ष आहे याचं, असं तिला वाटलं. नंतर हे आठवलं की तिला स्वतःचाच राग यायचा.

तिसऱ्या दिवशी केंद्रातलं मशीन बंद पडलं आणि ती दुपारीच घरी आली. चपला काढते न काढते तोच बेल वाजली. दारात एक हसतमुख बाई, हातात मोजपट्टी.

"तुम्ही ताई ना? इथून चालले होते, म्हटलं कोणी असेल तर पडद्यांचं माप घेऊन टाकावं. आम्हीच घेतलंय ना घर!" बाई आत येऊन टाकीशी थबकल्या. "अय्या, अजून झाकलेलीच? काल सासूबाईंना दाखवायला भाऊंनी उघडली होती. खरं सांगू, या अंधाऱ्या खोलीत पहिल्यांदा तो हिरवा उजेड बघितला आणि मी तिथेच हो म्हटलं. घर घ्यायचं तर टाकीसकट!"

"पहिल्यांदा कधी आला होतात?" सुईताईने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"झाले दोन-तीन महिने. आमच्या आधीही बरेच जण बघून गेले म्हणे. तुमचं बाकी छान झालं हं, कामाजवळच खोली मिळाली. तुम्हाला एकटं राहायलाच आवडतं, भाऊ सांगत होते."

सुईताईची नजर टायमरवर गेली. टायमरच्या बाजूला एक बटण होतं. ते दाबलं की दिवा कधीही लागायचा, दहाला मात्र टायमरच तो विझवायचा. दुपारी माणसं आणायची, बटण दाबायचं आणि बंद करायला विसरायचं. ती घरी यायची तेव्हा चार वाजून गेलेले असायचे, दिवा लागलेलाच असायचा, असायला हवा तसा. शेवाळ पोसायचं त्याने, आणि रविवारी समोर बसून "इथे राहिलंय, ताई" असं दाखवायचंही त्यानेच! तिला ओरडावंसं वाटलं. या बाईला दंड धरून बाहेर काढावंसं वाटलं. पण बाईंचा काय दोष?

"जरा हे टोक धरता?" बाई म्हणाल्या.

तिने मोजपट्टीचं टोक धरलं. आधी एक खिडकी, मग दुसरी.

"टाकीचा दिवा सहा तासच लावा," बाई निघताना ती म्हणाली. "जास्त नको. शेवाळ धरतं."

संध्याकाळी भाऊ आला तेव्हा ब्लँकेट घडी घालून ठेवलेलं होतं आणि तिचा हात टाकीत होता.

"अगं, उघडलीस? चार दिवस व्हायचे होते ना? आणि आज काय रविवार आहे?"

"बस. दाखव."

तो सवयीने स्टुलावर बसला. "खाली, कोपऱ्यात. हां, तिथेच."

"त्या बाई आल्या होत्या. पडद्यांचं माप घ्यायला."

त्याचं बोट हवेतच राहिलं. "ताई, मी सांगणारच होतो गं."

"कधी? माझं सामान टेम्पोत चढवल्यावर?"

"तुला त्रास नको म्हणून..."

"मला एकटं राहायला आवडतं, हे मला तरी सांगायचंस रे." तिने कार्ड पाण्याबाहेर काढलं. "परक्याने केलं असतं तर सोसलं असतं. तू केसाने गळा कापलास माझा."

पंपाचे बुडबुडे तेवढे वर येत राहिले. तिने पुन्हा काचेला कार्ड लावलं.

"दाखव ना. अजून कुठे राहिलंय?"

"सगळं स्वच्छ आहे, ताई," तो मान खाली घालून म्हणाला.

तिने हात बाहेर काढला, टॉवेलने बोटांपर्यंत कोरडा पुसला आणि समोर येऊन बघितलं. त्याच्या नाकासमोरच्या काचेवर तळहाताएवढं हिरवं तसंच होतं. तिने ते तसंच राहू दिलं.