काळ्या दोऱ्याचं रफू

"हे घाला तात्यासाहेबांना," म्हणत बंकटने रेशमाचा तागा माझ्या मशीनवर आदळला.

बंकट म्हणजे आमच्या दूध संघाचा सेक्रेटरी. संघात थेंबभर दूध नाही, पाण्याचा टँकर आठ दिवसांनी येतो, पण वर्धापनदिन मात्र झालाच पाहिजे! काचेच्या पेटीत बहात्तरच्या दुष्काळाचा देखावा मांडायचा होता. खडी फोडणारे मजूर आणि मधोमध संस्थापक तात्याबा, घण उचललेले.

त्यासाठी पुण्याहून जुन्या धाटणीचे खेळण्यातले परदेशी शिपाई आणले होते. फूटभर उंच, कोपरात-गुडघ्यात वळणारे. त्यांचे युनिफॉर्म उतरवून धोतरं-पागोटी चढवायचं काम माझ्याकडे आलं, कारण परळीत एवढं बारीक शिवणारी मी एकटीच. शिपायाची छाती बघून मला हसू आवरेना. तात्याबाला जन्मात एवढी छाती नव्हती, होती ती ढेरी. आणि घण म्हणे! दुष्काळी कामावर तो मुकादम होता. छत्रीखाली बसून हजेरी घ्यायचा आणि बापाच्या वयाच्या माणसांना "हात चालव बे" म्हणायचा. माझा बाप त्याच कामावर खडी फोडताना उन्हात कोसळला, तो उठलाच नाही. ह्या कर्मयोग्याने त्याची त्या दिवसाची हजेरी अर्धीच लावली.

"रेशीम न्हाई चालायचं, बंकटभाऊ."

"कावून? सुग्रीवअण्णांनी सोता निवडलंय." सुग्रीव म्हणजे तात्याबाचा मुलगा, आताचा चेअरमन.

"तुमचे अण्णा लई शहाणे. बघा तर मग."

मी शिपायाला रेशीम नेसवलं. माणसाच्या अंगावर झुळझुळणारं कापड फूटभर बाहुलीवर पत्र्यासारखं ताठ राहतं. धोतर फुगून उभं राहिलं, बाहीत कोपर वळेना, घण हातातून खाली पडला. खरा तात्याबाच तो, मी मनात म्हटलं.

"खादी?" बंकटने पिशवीतून दुसरं कापड काढलं.

"गोणपाट दिसंल. ही माज्याकडची मलमल बरी, पण नवी हाय. धा-वीस धुण्यांबिगर मऊ पडायची न्हाई."

"मग धुवा की!"

"कशानं? थुंकीनं?"

बंकट घामाघूम झाला. "काय बी करा, ताई. परवा मंत्री येणार. अण्णा माझी चामडी सोलतील."

कोपऱ्यात बसलेली आई, छबुबाई, सगळं ऐकत होती. ती उठली, ट्रंक उघडली आणि बापाचं धोतर काढून माझ्या मांडीवर ठेवलं. बाप गेला तेव्हा अंगावर होतं तेच. धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. एके ठिकाणी आईच्या हातचं काळ्या दोऱ्याचं रफू होतं, कारण त्या वर्षी घरात पांढरा दोरा नव्हता.

मी धोतर छातीशी ओढलं. "त्या मुडद्याला आबाचं धोतर? आई, डोकं फिरलंय का तुजं?"

"ट्रंकेत उंदरं खातील. काचंत तरी ऱ्हाईल." मग म्हणाली, "आन् मेल्यावर का हुईना, घामाचं कापड लागू दे त्याच्या अंगाला."

बंकटने रेशमाचा तागा गुंडाळला. कात्री चालवताना मी रडले, हे सांगायला मला लाज नाही. रफू मागे दडवायला निघाले, तर आईने हात धरला.

"म्होरं ठेव."

धोतर अंगासरसं बसलं. घण वर गेला, खाली आला. सुग्रीव पाहणीला आला तेव्हा त्या काळ्या टाक्यांवर बोट ठेवून म्हणाला, "हे काय?"

"दुष्काळातलं धोतर हाय, अण्णा. फाटलेलं नको का?"

"वा! त्याग दिसतो, त्याग!" त्याचे डोळे भरून आले. असल्या माणसाला फसवण्यातही गंमत नाही.

उद्घाटनाला हार, भाषणं, फोटो, सगळं झालं. मग आई रांगेतून पुढे गेली. काचेसमोर वाकली, धोतरावर जिथे रफू होतं तिथे काचेवरून तळवा ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली.

"बघा, बघा!" सुग्रीव माईकवर ओरडला. "जुनी माणसं आजबी आमच्या तात्यांना देव मानतात!"

टाळ्या कडाडल्या. मी आईला धरून बाहेर आणलं. पायरी उतरताना तिने माझा हात दाबला.

"टाका धरून हाय गं अजून," ती म्हणाली.