पाळीचा मळा

लोक कोंबड्या पाळतात, शेळ्या पाळतात. दमयंतीने न्हाणीघरामागच्या कोपऱ्यात पाच वर्षं एक रोग पाळला होता. हातभर रुंदीचा वाफा, त्यात वांग्याची सात-आठ रोपं. ती फुलायला आली की मरायची. मेली की दमयंती तिथेच नवी लावायची, मायेने पाणी घालायची, आणि तीही मेली की तिला बरं वाटायचं. रोग अजून आहे, उपाशी नाही, एवढं कळलं की ती चूळ भरून कामाला लागायची.

कुणासाठी पाळला, ते कळायला आधी मळा समजायला हवा. सगळी वाडी कातळावर. वहाळाच्या काठाला तेवढा एक मऊ मातीचा तुकडा, हिवाळ्यातही पाणी असलेला. तो दोन घरांचा होता: दमयंतीच्या नवऱ्याचा, रघुनाथांचा, आणि त्यांचे थोरले चुलतभाऊ आप्पा यांचा. पाण्याचा पाट एकच, म्हणून तुकडे कधी पडले नाहीत, पाळी ठरली. पाच वर्षं एका घराने कसायचा, पाच वर्षं दुसऱ्याने. भात कापून झालं की देवदिवाळीला, चार माणसांसमोर, जाणाऱ्या घराने मळ्यातलं एक ढेकूळ उचलून येणाऱ्याच्या हातात द्यायचं आणि येणाऱ्याने ते कपाळाला लावायचं. ना कागद, ना सही.

आप्पांनी आपल्या पाळीत पाचही हिवाळे वांगी लावली. मग ढेकूळ रघुनाथांच्या हातात दिलं. रघुनाथांनीही वांगीच लावली, नऊशे रोपं. जानेवारीत भर दुपारी हिरवीगार झाडं माना टाकायला लागली. संध्याकाळी उठायची, दुसऱ्या दुपारी परत पडायची. चार दिवसांत सगळा मळा आडवा.

आप्पा बांधावर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रघ्या, पाच वर्सं माजी वांगी हितंच व्हती. माती तीच, पानी तेच. तुज्या हातालाच यश नाय, त्येला कोन काय करनार?"

हे एवढंसं वाक्य, पण वाडीत ते घरोघर जेवून आलं. पेरणीची पहिली मूठ टाकायला दरवर्षी रघुनाथांना बोलवायचे, त्या वर्षी लोकांनी आधीच दुसऱ्याला सांगून ठेवलं. कुणी रोप मागेना, कुणी त्यांच्या हातून घेईना. शेवटी त्यांनी शेत सोडलं आणि लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत पाळ्या करायला लागले. एकदा जेवताना ताटाऐवजी हाताकडेच बघत बसले. "दमे, खराच काय असंल गो माज्या हातात?" आठवडाभराने, कंपनीच्या बसमधून उतरतानाच कोसळले. डॉक्टर म्हणाले, हृदय. दमयंतीला डॉक्टरपेक्षा जास्त माहीत होतं.

पावसाळ्याआधी ती एकटीच मळ्यात नांगर घालायला गेली, तेव्हा फाळाला काहीतरी अडकलं. वांग्याची जुनी धसकटं, जुडी बांधून खोल पुरलेली. एका सरीत नाही, सगळ्या सऱ्यांत. जुड्यांना निळी सुतळी, आप्पांच्या मुलाने, हर्षदने, बोटीवरून आणलेली. तशी वाडीत दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

त्याच आठवड्यात कृषी सहायक सावनी वाडीत आली होती. बांधावर आपोआप उगवलेलं वांग्याचं एक झाड मान टाकत होतं. तिने त्याचा दांडा तिरका कापला आणि काचेच्या ग्लासातल्या पाण्यात धरला. कापल्या जागेतून दुधासारखा पांढरा धागा पाण्यात उतरायला लागला.

"हे जिवाणू, काकी," सावनी म्हणाली. "चमचाभर मातीत किती जीव असतात, मोजता यायचे नाहीत. ज्या पिकाचं मूळ, त्या मुळावर जगणारे जीव. दरवर्षी वांगंच लावलं की वांगं खाणारेच माजतात, बाकीचे मागे पडतात. वर मेलेली झाडं मातीत पुरली तर विचारूच नका. पीक बदला. यांना उपाशी ठेवा, दुसऱ्यांना जेवू घाला."

दमयंती जुडी घेऊन आप्पांच्या ओटीवर गेली. आप्पा हसले. "धसकटां कोनाच्या शेतात नसतात गो?"

त्या हसण्याचा तिने डूख धरला. मळ्याच्या मातीची एक पाटी भरून तिने परसात नेऊन ओतली आणि तिथे वांगी लावली. जुडी माळ्यावर ठेवली. आणि मळ्यात मात्र पुढची चार वर्षं वांग्याला पाय ठेवू दिला नाही. पावसाळ्यात भात, हिवाळ्यात एकदा कुळीथ, एकदा चवळी, एकदा मका, परत कुळीथ. कुळथाची झाडं उपटून ती मुळांवरच्या गाठी नखाने फोडायची. आत गुलाबी दिसलं की मातीला पोसणारे जीव जागे आहेत हे कळायचं, मन निवायचं. माती काळसर झाली, हाताला भुसभुशीत लागायला लागली, गांडुळं आली. शेवटच्या हिवाळ्यात तेवढी परीक्षा म्हणून कडेला मुद्दाम वांग्याची एक ओळ लावली. एकही झाड मेलं नाही.

तिला वाटलं होतं, आता तरी लोक म्हणतील की माती आजारी होती. लोक म्हणाले, "बाईच्या हाताला यश हाय. घोवाच्याच हाताला नव्हता."

त्या दिवशी तिचं ठरलं.

पाचव्या वर्षीचं भात कापून झालं. देवदिवाळीला आठ दिवस होते. भर दुपारी, वाडी जेवून लवंडलेली असताना, तिने परसातली मेलेली वांगी कापून बादल्यांत भिजवली आणि ते पाणी मळ्यात नेलं. पहिल्या सरीपाशी हात थांबला. या मातीला तिने चार वर्षं लेकरासारखं भरवलं होतं, आणि तिचा काही गुन्हा नव्हता. मग तिला ताटावर बसून हाताकडे बघणारे रघुनाथ दिसले. बादली उपडी झाली. मग दुसरी, मग सगळ्या. उरलेली धसकटंही तिने सऱ्यांत पुरली, जशी सापडली होती तशीच.

देवदिवाळीला ती ढेकूळ घेऊन बांधावर उभी राहिली, तर आप्पांनी सुनेला पुढे केलं. "माज्यानं आता होत नाय. हर्षद बोटीवर. वेदिकाच करील शेती."

वेदिका पंचविशीची, मुंबईची नोकरी सोडून हौसेने आलेली. तिने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. दमयंतीने तिच्या तोंडाकडे बघितलं, सांगून टाकावं असं वाटलं. आप्पा पाठीमागे हसत होते, तेच ओटीवरचं हसणं. तिने ढेकूळ दिलं.

"किती छान वास आहे, काकी," म्हणत वेदिकाने ते कपाळाला लावलं.

वेदिकानेही वांगीच लावली. जानेवारीत दुपारची झाडं माना टाकायला लागली. दमयंती रोज बांधाच्या वरून बघायची. पाच वर्षं या दिवसाची वाट पाहिली होती, पण मळ्यात आप्पा नव्हते. वेदिका होती, झाडं संध्याकाळी उठली की हसणारी, सकाळी परत पाटाचं पाणी सोडणारी. चौथ्या दिवशी आप्पा आले. चार माणसं गोळा झालेली बघून त्यांचा आवाज चढला.

"दमयंतीच्या पाळीत ह्येच मातीत सोना पिकला! हिच्या हातालाच यश नाय, त्येला कोन काय करनार?"

वेदिकाने आपल्या हातांकडे बघितलं.

दमयंती बांधावरून वळली. ती तरातरा घरी गेली, काचेचा ग्लास, विळा आणि माळ्यावरची जुडी घेऊन आली, आणि सगळ्यांसमोर एका झाडाचा दांडा कापून पाण्यात धरला. पांढरा धागा खाली उतरला. लोक वाकून बघायला लागले.

"ह्यो रोग हाय. हातात नसतो, मातीत असतो. आन् ह्या मातीत ह्या वेळेस मी घातला." कुणी काही बोलायच्या आत तिने जुडी आप्पांच्या पायाशी टाकली. "आन् त्या वेळेस ह्यांनी. सुतळी ओळखता ना, आप्पा? माज्या मानसाची झाडां मेली नाय, तुमी मारलात. आन् त्येच्या हाताला नावां ठेवलात. त्यो मरस्तोवर हात लपवीत व्हता!"

आप्पा सुतळीकडे बघत राहिले. सुतळी अजून निळीच होती. मग ते काठी विसरून घराकडे निघाले. बांधावरच्या कुणीही त्यांना वाट करून दिली नाही, ते चिखलातून गेले. दमयंतीने डोळे भरून ते पाहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदा तिचा श्वास पोटापर्यंत गेला.

मग तिने वेदिकाकडे बघितलं. "ही झाडां उपटून जाळ. फुडच्या पावसात भात कर, मंग कुळीथ पेर. मी दाखवीन तुला."

"सावनी दाखवेल," वेदिका म्हणाली. तिच्या कपाळाला माती लागलेली होती. "तुम्ही ढेकूळ दिलंत तेव्हा माझ्या तोंडाकडे बघितलं होतंत, काकी. बांधावरून उतरा."

दमयंती उतरली.

आता वाडीत दमयंतीच्या हातचं रोप कुणी घेत नाही. पूजेला बोलवतात, पण तिच्या हातचा प्रसाद घेताना बायका क्षणभर थबकतात. तिला ते दिसतं आणि ते चालतं. परवा पेरणीच्या गप्पा निघाल्या तेव्हा धोंडू म्हातारा म्हणाला, पहिली मूठ रघुनाथाच्या हातची असायची, तेव्हा भात काय यायचं. दमयंती पलीकडे भांडी घासत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि तो आणखी काही म्हणतो का, म्हणून ऐकत बसली.