विठाबाईची दुसरी हाक

मित्रांनो, मला तोंड नाही आणि डोळेही नाहीत. कान मात्र आहे, आणि तो मला मिटता येत नाही. मी एक जुना माईक आहे. माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूने चेपली आहे आणि अंगावरचा काळा रंग उडाला आहे. सध्या मी तेलंगणातल्या बोथ गावातल्या एका घराच्या मागच्या खोलीत खुंटीला टांगलेला असतो. माझी गोष्ट ऐकताना घाबरू नका. मी ज्यांच्याविषयी सांगणार आहे ती सगळी प्रेमळ माणसे आहेत.

माझ्या पोटात एक पातळ पडदा आहे. कोणी बोलले की तो थरथरतो, आणि ती थरथर तारेतून पुढे जाते. एवढेच माझे काम. आदिलाबादच्या सुधाकररावांच्या मंडप-स्पीकरच्या दुकानात मी बरीच वर्षे होतो. लग्ने, भाषणे, शाळांची संमेलने मी केली. मराठी, तेलुगू, उर्दू, सगळ्यांना माझा पडदा सारखाच थरथरला. पुढे बिनतारी माईक आले आणि मी वायरींच्या ढिगाखाली पेटीत गेलो. तिथे कोणी बोलत नसे. उंदीर तेवढे ऐकू येत.

तिथून मला हर्षदीपने आणले. हर्षदीप बोथचा. त्याचे वडील चंपत जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबले. आई विठाबाई शाळेत मुलांचे जेवण शिजवायची. मोठी बहीण प्रीती त्याच शाळेत शिकवते. हर्षदीप रॅप करायचा, म्हणजे ठेक्यावर भराभर शब्द बोलायचा. तशी गाणी घरीच रेकॉर्ड करायचे त्याने ठरवले होते. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून मागच्या खोलीच्या भिंतींवर विठाबाईने कापसाच्या रजया टांगून दिल्या. त्या खोलीत बोललेला शब्द भिंतीवर पडला की परत येत नसे. तो कुठे जात असे, हे मला अजूनही कळलेले नाही.

आता आमच्याकडची एक समजूत सांगतो. पाठीमागून कोणी एकदाच हाक मारली तर ओ देऊ नये, असे इथले जुने लोक मानतात. जिवंत माणूस पुन्हा हाक मारतो. मेलेला माणूस एकदाच मारतो. विठाबाई म्हणायची, "आमी बौद्ध मानसं. भूत-गीत काई मानत नाई."

"मंग दरवेळी दोनदा कायले वरडते?" चंपत विचारायचा.

"तुमी पयल्या हाकेले कधी ओ देल्ला का? जलम गेला माहा दुसरी हाक मारू मारू."

एका दुपारी हर्षदीप 'सरकी' नावाचे गाणे रेकॉर्ड करत होता. रुई गेली शहरात, सरकी राह्यली घरात, असे त्याचे शब्द होते. शेवटची ओळ सुरू असतानाच अंगणातून आवाज आला, "हर्षा!" आणि थोडे थांबून, "ये हर्षा, भाकर थंडी होऊन राह्यली ना बाप्पा!" रजयांना न जुमानता तो आवाज माझ्यापर्यंत पोचला.

"माय, रेकॉर्डिंग चालू हाये!"

"मंग चालू राहू दे. भाकर का वाट पायते?"

त्याच्या ओळीत आईची हाक मिसळली होती. ती काढायला गेले की ओळही जात होती. दुसऱ्यांदा म्हणून पाहिले तर पहिल्यासारखे जमेना. शेवटी कंटाळून त्याने गाणे तसेच फोनवरून लोकांसमोर ठेवले.

लोकांना ती हाकच आवडली. आधी आदिलाबादच्या ऑटोंमधून, मग नांदेड-नागपूरच्या लग्नांतून 'सरकी' वाजू लागले. फोनवर गाणी ऐकवणाऱ्या कंपन्या चार्ट काढतात, म्हणजे सर्वांत जास्त ऐकलेल्या गाण्यांची क्रमवारी. त्या चार्टवर 'सरकी' दर आठवड्याला वर चढत गेले. एका कंपनीने हर्षदीपशी करार केला. बाजारात लोक विठाबाईला "भाकरवाल्या बाई" म्हणू लागले. ती घरी येऊन सांगायची, "मेहनत माह्या पोराची, अन् नाव भाकरीचं. अजब दुनिया हाये."

मग त्याच हिवाळ्यात तिला ताप आला आणि ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्धांतल्या मृत्यूनंतरच्या विधीच्या दिवशी वंदनेसाठी मला अंगणात उभे केले होते. वंदना संपली, लोक जेवायला बसले, पण मला बंद करायचे कोणाला सुचले नाही. तेवढ्यात हर्षदीपचा फोन वाजला. कंपनीचा हैदराबादचा माणूस, अमर, आनंदाने ओरडत होता, "भाई, नंबर वन! पूरे देश में नंबर वन!" आणि त्याच वेळी पंगतीतल्या कोणाच्या तरी खिशातला फोन वाजू लागला.

"हर्षा!"

सगळ्या पत्रावळींवरची खुडखुड थांबली.

"ये हर्षा, भाकर थंडी होऊन राह्यली ना बाप्पा!"

"हात खरकटे हायेत," म्हणत तो माणूस फोन बंद करायला धडपडत होता. हाक पुन्हा पहिल्यापासून आली. माझ्या पडद्यावर फक्त श्वास येत होते, खूप माणसांचे.

त्यानंतर विठाबाई सगळीकडून हाक मारू लागली. बसमधून, टपरीवरून, शेजारच्या वरातीतून. प्रीती शाळेला लांबच्या रस्त्याने जाऊ लागली. तिथेही तेच गाणे वाजवणारे एक दुकान निघाले.

पहिला नंबर लागला की कंपनीला लगेच दुसरे गाणे हवे असते. अमर म्हणाला, "लोग तेरी माँ को सुनते हैं, भाई. दूसरे गाने में भी माँ चाहिए." हर्षदीपजवळ आईचे आणखी काही आवाज होते. रजया टांगताना ती माझ्यासमोर बडबडली होती, खोकली होती, हसली होती. ते सगळे त्याने पाठवले. कंपनीने ते यंत्राला ऐकवले आणि यंत्राने विठाबाईचा आवाज तयार केला. आता हर्षदीप फोनवर लिहील ते तो आवाज बोलत होता.

हर्षदीपने खोलीत स्पीकर लावला आणि पहिले वाक्य लिहिले. आवाज आला, "हर्षा, मी इथंच हाये."

मित्रांनो, यंत्राला ऐकवलेला विठाबाईचा प्रत्येक शब्द माझ्या पडद्यावरून गेला होता. हे वाक्य कधीच गेले नव्हते. आवाज तिचाच होता. फक्त बोलायच्या आधी ती जो श्वास घ्यायची, तो नव्हता.

मग तो रोज दार लावून बसू लागला. लिहायचा आणि ऐकायचा. "जेवला का?" असे लिहायचा, आणि तिने विचारले की "हाव माय" म्हणायचा. प्रीतीने एकदा दार उघडून ते ऐकले.

"मायनं जे म्हनलंच नाई, ते तिच्या तोंडी कायले घालून राह्यला?"

"गान्यासाठी हाये, ताई."

"हे गानं हाये?"

तो हळू म्हणाला, "आयकू दे ना मले. तुले नाई आयकू वाटत का?"

प्रीती उंबऱ्यातच उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. ती 'नाही' म्हणाली नाही. दार उघडेच टाकून निघून गेली.

ते दार उघडे राहिले. हर्षदीपने पुढचे वाक्य लिहिले. दुसऱ्या गाण्यात आईने सगळ्या घराला जेवायला बोलवावे, असे कंपनीला हवे होते. स्पीकर मोठा होता.

"अवो, या ना जेवाले!"

एकदाच. यंत्राला दुसरी हाक कोणी शिकवली नव्हती.

अंगणातून चंपतचा आवाज आला, "हाव, आलो."

मग तांब्यातले पाणी पडल्याचे ऐकू आले. हात धुतल्याचे, पाट सरकवल्याचे, ताट जमिनीवर ठेवल्याचे. त्यानंतर काहीच नाही. हर्षदीपची बोटे थांबली होती. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरातून प्रीतीचा आवाज आला.

"बाबा, काऊन असे बसले?"

"तुह्या मायनं हाक मारली ना."

"बाबा..."

"एकडावच मारली तिनं," चंपत म्हणाला. "मले वाटलं, आतातरी पयल्या हाकेले जाव."

हर्षदीपने स्पीकर बंद केला. कान मला मिटता येत नाही, म्हणून मी त्याचे रडणे ऐकले. दुसऱ्या दिवशी त्याने अमरला फोनवर सांगितले, "माँ की आवाज नहीं देता, अमरभाई. गाना मैं अकेला करता."

"आवाज तो कंपनी के पास है, भाई. तू दे या ना दे," अमर म्हणाला. तो रागावला नव्हता. नुसती माहिती दिल्यासारखा बोलला.

हर्षदीपचे दुसरे गाणे एकट्याच्या आवाजात आले. ते चार्टवर चढले नाही. यंत्रातल्या विठाबाईचे गाणे अजून निघालेले नाही. पण ती कुठेतरी ठेवलेली आहे. तिला काय बोलायला लावतील, हे या घरातल्या कोणाच्याच हातात नाही.

परवा चंपत खोलीत आला. त्याने मला खुंटीवरून काढले. शेतात राबलेला त्याचा तळवा माझ्या जाळीवर गच्च बसला आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला काही ऐकू येईना. फक्त त्याच्या हाडांतून त्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. तो हर्षदीपला म्हणत होता, "बापू, मी जन्मभर लोकायच्या वावरात राबलो. मी मेल्यावर माह्या आवाजाले कोनाच्या कामाले लावजो नको."

मित्रांनो, कोणाचाही आवाज जपून ठेवण्याआधी त्या माणसाला विचारा, आणि तो जिवंत असतानाच विचारा. मला नुसते ऐकता येते. विचारता येत नाही.