जोडप्याची खोली

कुंदाबाई थेट खोलीत शिरल्या, पलंगावर बसल्या आणि गादी दाबून पाहत म्हणाल्या, "खोली फोटोत होती तश्शीच आहे हो! नाहीतर दाखवतात एक आणि असतं भलतंच."

दारात उभ्या असलेल्या पुनाला इतकं बरं वाटलं, की हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

कुंदाबाई मुलीची आई. मुलगी रत्ना घरी होती. दिराला घेऊन त्या धुळ्याहून अमळनेरला मुलाचं घर पाहायला आल्या होत्या. स्थळ पुनासाठी होतं आणि खोलीही पुनानेच सजवली होती.

तो जळगावच्या पाइप कारखान्यात कामाला होता. वडील गेल्यावर बहिणींची लग्नं झाली, धाकट्या अभिमनचं शिक्षण झालं, मग हे घर झालं आणि तोवर पुनाच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले. हल्ली मुलीकडचे आधी विचारायचे, वेगळी बेडरूम आहे का? वरच्या मजल्यावर एक खोली होती. तिच्यात सिमेंटची रिकामी पोती आणि मोडका कूलर. अभिमनचं मोबाइलचं दुकान होतं. त्यानेच दादाच्या फोनमध्ये एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. खोलीची मापं भरायची, दार-खिडकी कुठे ते सांगायचं, की ते आपसूक सामान मांडून चित्र दाखवायचं.

कारखान्यातून परतताना पुनाने ते गाडीत उघडलं. सॉफ्टवेअरने विचारलं, खोली कोणासाठी? पुनाने खरं तेच सांगितलं, एकट्यासाठी. चित्रात भिंतीला चिकटून एक अरुंद खाट आली, एक टेबल, एक खुर्ची. तो बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत राहिला. मग शेजारचा डुलक्या घेतोय याची खात्री करून त्याने दुसरं बटण दाबलं, जोडप्यासाठी. खाट रुंद झाली. दोन्ही बाजूंना दिवे आले, खिडकीपाशी आरशाचं टेबल आलं आणि त्याच्यापुढे बसायला एक स्टूल. त्या स्टुलावर कोण बसेल, या विचाराने त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

त्यानंतर त्याला तेच वेड लागलं. जेवणाच्या सुट्टीत मांडणी बदलायची, पडदे बदलायचे. मनासारखं चित्र मिळालं तेव्हा त्याने सुताराला बोलावलं आणि ते जसंच्या तसं खोलीत उतरवून घेतलं. स्वतः मात्र तो त्या पलंगावर एकदाही टेकला नाही. खालीच, आईच्या खोलीबाहेर झोपायचा.

"उन्हाचे आलात, पाणी घ्या," पुना म्हणाला. कुंदाबाईंनी पाणी पिऊन रिकामा पेला त्याच्याच हातात दिला. एवढ्यात अभिमन चहाचा ट्रे घेऊन वर आला. त्याला बघताच त्या उठून उभ्याच राहिल्या.

"बघा भाऊजी! फोटोपेक्षाही छान दिसतो मुलगा."

स्थळ आणणारे निंबामामा पाहुण्यांसोबतच होते; त्यांनी खोलीच्या फोटोबरोबर पुनाचा फार जुना फोटो पाठवला होता. त्या फोटोतला पुना आणि आताचा अभिमन, दोघांत फरक करता आला नसता. मामा खाकरले. "ताई, तो धाकटा. नवरदेव हे. पुना."

कुंदाबाईंनी पुनाकडे पाहिलं. त्याच्या हातात त्यांचाच पेला होता. आधी त्यांना कळलंच नाही, मग हसू फुटलं. पदर तोंडाला लावला तरी आवरेना. "अगं बाई! मी यांना मुलाचे काका समजत होते!"

दीर हसले. मामाही हसले. न हसून त्यांना चाललं नसतं. पुनानेही हसून पाहिलं.

"मग धाकट्यासाठी विचार करता येईल का?" दिरांनी विचारलं. पुना तिथे नाहीच, असं समजून ते मामांशीच बोलत होते. "घर चांगलं आहे. मुलगा दुकानदार आहे. फक्त एक, खोली हीच द्यायची बरं का. पोरीला फोटो बघून हीच आवडलीय."

पाहुणे गेले. पुनाची आई प्रमिलाबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"माय, तुले काय वाटस?" पुनाने विचारलं.

"मी काय सांगू? त्यासनं काय चुकनं? तू काय आते पोऱ्या ऱ्हायना का?" भाकरी तव्यावर टाकत त्या म्हणाल्या. "हाई स्थळ गयं ते अभिमनबी तुनासारखा ऱ्हाई जाई. एकनं तरी व्हऊ दे."

अभिमन समोरच जेवत होता. पुना त्याच्याकडे बघत राहिला. त्याने नुसतं 'नही' म्हटलं असतं तरी पुनाने पुढे स्वतःहून हो म्हटलं असतं. अभिमनने ताटातली डाळ भाकरीने पुसून घेतली.

"दादा, तू सांगशी तसं."

"करी टाक," पुना म्हणाला आणि हात धुवायला उठला. तो अजून जेवलाच नव्हता.

लग्न झालं. हळदीत कुणीतरी ओरडलं, "पुना नानाले बी लावा रे, वास तरी लागू द्या!" त्याने गाल पुढे केला.

महिन्याभराने रत्नाची मैत्रीण भेटायला आली. पुना जिन्यात दिव्याची वायर जोडत होता. वरून रत्नाचा कौतुकाचा आवाज आला, "सगळी खोली यांनीच मोबाइलवर बनवली. मला बघायच्या आधीच! दिवेसुद्धा दोन." अभिमन तिथेच होता. वायर हातात धरून पुना थांबला. अभिमन म्हणाला, "चहा घ्या ना, गार होतोय."

पुनाने वायरवर चिकटपट्टी गुंडाळली.

मैत्रीण गेल्यावर रत्ना जिन्यापाशी आली. थोरल्या दिरासमोर यायचं म्हणून डोक्यावर पदर होता. "भाऊ, पलंग जरा खिडकीखाली सरकवून द्याल का? हे दुकानात गेले. पडल्या पडल्या आभाळ दिसेल."

पुनाने चपला बाहेर काढल्या. ती मर्यादेने दाराबाहेर उभी राहिली. फरशीवर ओरखडा पडू नये म्हणून त्याने पलंग ओढला नाही. एका टोकाला उचलायचा, वीतभर पुढे ठेवायचा, मग दुसऱ्या टोकाला जायचं. चादर विस्कटली होती; तिला त्याने हात लावला नाही.

तो बाहेर आला तेव्हा रत्ना वाकून पाया पडली.

"अखंड सौभाग्यवती व्हय," पुना म्हणाला.

ती आत गेली. तो जिन्याच्या पायऱ्या उतरू लागला, तेव्हा वर कडी लागल्याचा आवाज आला.