रीतसर बिघाड

माझा मेहुणा नुन्त्सिओ होडीचा मालक, आणि मी तिच्या इंजिनाचा. कागदावर इंजिनही त्याचंच आहे, पण त्याला हात लावायची त्याची छाती नाही. होडीला त्यानं आपल्या आईचं, म्हणजे माझ्या सासूचं नाव दिलंय, कोंचेत्तीना. दोघीही सारख्याच. कुरकुर चोवीस तास, पण बंद पडणं माहीत नाही.

त्या खेपेला आम्ही सिसिलीच्या दक्षिणेला कोळंबीसाठी गेलो आणि हाती लागली माणसं. हवा गेलेली रबरी होडी आणि तिला लोंबकळलेले पंधरावीस जण. घेतलं वर. बुडणाऱ्याला आधी वर घ्यायचं आणि मग तू कुठला विचारायचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

सरकारांचं मात्र उलटं. वायरलेसवर आमचं सरकार म्हणालं, "उचललेत शेजाऱ्यांच्या हद्दीत, त्यांना विचारा." शेजारी म्हणाले, "जवळचं बंदर तुमच्या देशाचं, तुमचं तुम्ही बघा." मग दोघं मिळून बाकीच्या देशांशी बोलणार होते, कुणी किती माणसं घ्यायची ते. तोवर आम्ही आहोत तिथंच थांबायचं.

"थांबतो की," नुन्त्सिओ त्यांना म्हणाला. "कोळंबीलाही सांगतो, सडू नकोस, साहेबांची बैठक चालू आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी वर घेतलेल्यांतल्या आबेबाला सणकून ताप भरला. ती इरिट्रियाची. नवरा वोल्दू तिला टोपीनं वारा घालत होता. घोटभर पाणीसुद्धा तिच्या पोटात ठरेना. तिला दवाखाना हवा होता, आणि दवाखाना बंदरावर.

नुन्त्सिओनं मला बाजूला घेतलं. "दाजी, माणसं अडकली की चर्चा होते. होडी बंद पडली की ओढून न्यावीच लागते. तुमचं इंजिन बंद पाडा."

"तोंड सांभाळून बोल."

"एकदा त्या बाईकडे बघा आणि मग मला शिव्या द्या."

बघितलं. शिव्या दिल्याच, पण खाली जाऊन डिझेलच्या नळीचा नट ढिला केला. नळीत हवा शिरली आणि कोंचेत्तीना आचके देत गप्प झाली. खोटं कशाला बोलू, मला गलबलून आलं.

नुन्त्सिओनं वायरलेसवर असं काही रडगाणं लावलं, की तटरक्षकांची बोट निघालीसुद्धा. ती लांबून दिसायला लागली आणि माझ्या पायाखाली धडधड सुरू झाली. खाली धावलो, तर इंजिनापाशी वोल्दू. कोपरापर्यंत तेल, तोंडभर हसू.

गडी गावाकडे ट्रक दुरुस्त करायचा. आमचे लोक पूर्वी त्यांच्या देशावर राज्य करायला गेले होते. राज्य बुडालं, पण पाना, पंप, पिस्टन यांची आमची नावं तिथल्या गॅरेजात राहिली. आमचं बोलणं तेवढ्यावरच चालायचं.

"मोटोर मस्त," तो म्हणाला. "हवा होती. काढली."

उपकार फेडल्याच्या आनंदात होता बिचारा. वर वायरलेस बोलायला लागला होता, "इंजिन चालू झालेलं दिसतंय. छान. मग आम्ही मागे वळतो."

मी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, मोटोर चांगला, तर बंदर नाही. मोटोर मेला, तर बंदर."

त्याला वाटलं, त्याच्या ऐकण्यात चूक झाली. मला पुन्हा सांगायला लावलं. मग शिडीवरून डोकं वर काढून त्यानं जाळ्यांच्या सावलीत पडलेल्या आबेबाकडे पाहिलं. खाली आला, इंजिन बंद केलं, डिझेलची नळी सोडवली आणि वर जाऊन समुद्रात फेकून दिली. त्यानंतर बराच वेळ हात पुसत राहिला. चांगलं चाललेलं यंत्र मोडायची पाळी कारागिरावर येऊ नये. माझं पाप मी निदान नटावर भागवलं होतं.

बोट पुन्हा आमच्याकडे वळली आणि आम्हाला ओढत बंदरात घेऊन गेली. धक्क्यावर कुठल्याशा खात्याची बाई उभी होती, हातमोजे घालून. तिनं आधीच बजावलं, "आजारी आणि जखमी आधी उतरा. धडधाकट लोक होडीवरच थांबतील. त्यांना कुठल्या देशानं घ्यायचं ते अजून ठरायचंय."

आबेबाला स्ट्रेचरवर घेतलं. तिनं वोल्दूचा हात घट्ट धरला होता. बाईनं त्याला अडवलं. "तुम्हाला काय होतंय?"

काय होणार होतं? बैलासारखा धडधाकट माणूस. मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं, पण वोल्दूनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. या खेपेला त्यानं मला काही पुन्हा सांगायला लावलं नाही. तो लंगडायला लागला.

धड लंगडताही येत नव्हतं त्याला. आधी डावा पाय ओढला, मग चुकून उजवा. मला हसू आलं आणि तेवढीच लाजही वाटली, आमचीच. बाई त्याच्या दोन्ही पायांकडे बघत राहिली. मग बाजूला झाली.