थडग्यापाशी मारलेली हाक

वडिलांच्या थडग्यावर माती लोटून झाली. ह्यांगसिमनं दारूची वाटी त्यावर ओतली, गुडघे टेकले, आणि तिच्या तोंडून हाक गेली, "मायबाप!"

ती रांगत होती तेव्हाच आई गेली होती. वेणी घालणं, मक्याची पेज भरवणं, तापात उशाशी बसणं, सगळं या एकाच माणसानं केलं होतं. तिला दुसरा शब्द सुचला नाही. पण उत्तर कोरियातल्या हामहुंगच्या छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या बाईला तरी तो सुचायला नको होता. नेत्यांचं नाव ठळक टाइपात, दोन ओळींत कधी तुटायचं नाही, 'महान' कुठे लावायचं आणि 'प्रिय' कुठे, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. 'मायबाप' फक्त नेत्यांसाठी. जन्मदात्याला 'वडील' पुरे. टाइपाचे खिळे जुळवताना हा शब्द भलत्या जागी बसवला म्हणून एक जुळारी बायकापोरांसकट ट्रकमधून खाणीकडे गेला होता. पुढे त्याचं नावही कोणी काढलं नाही.

थडग्याच्या टेकडीवर तेव्हा तिच्याखेरीज दोघंच होती. जेवणाचे डबे घेऊन आलेली छापखान्यातली जुळारी बोंगसून, आणि खाली ट्रकपाशी सिगरेट ओढणारा ड्रायव्हर प्यो.

शनिवारी संध्याकाळी छापखान्यात बैठक असे. प्रत्येकानं स्वतःची एक चूक कबूल करायची आणि दुसऱ्याची एक दाखवायची. त्यामुळे सगळे आधीच जोड्या जुळवून हलक्या चुकांची देवघेव करून ठेवत. त्या शनिवारी सकाळी नळावर हात धुताना बोंगसूननं नेहमीसारखं सुरू केलं.

"माझ्यावर तू टोपीचं घे. टोपी न घालता यंत्रापाशी गेले. मी तुझ्यावर उशिराचं घेते."

"उशीर मागच्या वेळी झाला, ताई."

"मग घोरतेस म्हणून सांगू? पण त्याला साक्षीला नवरा हवा, तो कुठून आणायचा?"

ह्यांगसिमला हसू आलं नाही. "ताई, त्या दिवशी टेकडीवर..."

"वारा होता गं टेकडीवर."

"आणि प्यो?"

"त्याचे कान शाबूत आहेत. म्हणून तू तोंड मिटून ठेव."

ह्याचा अर्थ काय घ्यायचा? ऐकून गप्प बसणाऱ्यालाही तीच शिक्षा होती, आणि बोंगसूनच्या पदरी दोन मुली होत्या. दिवसभर ह्यांगसिमच्या डोळ्यांपुढची अक्षरं हलत राहिली. दुपारी एक विचार मनात शिरला, तो निघेचना. टेकडीवर बायका दोन होत्या. हाक बोंगसूननं मारली असं आपणच आधी सांगितलं तर? लांबून आवाज कुणाचा, हे प्यो काय सांगणार?

बैठकीत प्यो दाराशी बसला होता. एरवी त्याची बैठक गॅरेजात असे. पक्षाचे सचिव मेंग यांनी पहिलं नाव घेतलं ते ह्यांगसिमचं.

ती उठली. दुःखात कामाकडे दुर्लक्ष झालं, म्हणाली. मग दुसऱ्याची चूक. शब्द अगदी ओठांवर आले. शेजारी बोंगसून नखातली शाई कोरत बसली होती.

"बोंगसून कॉम्रेड टोपी न घालता यंत्रापाशी गेल्या," ती कशीबशी म्हणाली आणि खाली बसली.

बोंगसून उठली. "ह्यांगसिम कॉम्रेडची चूक गंभीर आहे. दफनाच्या दिवशी टेकडीवर त्या 'मायबाप' म्हणून ओरडल्या."

प्योनं मान वर केली. बोंगसून बोलतच राहिली.

"बापाला एवढं आयुष्य मिळालं ते नेत्यांच्या कृपेनं, म्हणून त्यांनी नेत्यांना हाक मारली. पण मारली कशी? केस सुटलेले, नाक वाहतंय, हाताला दारूचा वास! असल्या अवतारात हा शब्द उच्चारायचा असतो का?"

मागे कोणीतरी हसू खोकल्यात दडवलं. सचिव हसले नाहीत.

"प्यो कॉम्रेड?"

"हाक ऐकली. कुणाला मारली ते कळलं नाही, मी लांब होतो."

सचिवांनी पेन खाली ठेवलं. "ह्यांगसिम कॉम्रेड, तुम्हीच सांगा. हाक कुणाला होती?"

ती पुन्हा उभी राहिली. वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे येऊ नये म्हणून तिनं भिंतीवरच्या खिळ्यावर नजर खिळवली.

"नेत्यांना."

"वडिलांना नव्हती?"

"नाही," ती म्हणाली. "वडिलांना मी हाक मारलीच नाही."

"बसा," सचिव म्हणाले. तिला ते ऐकू आलं नसावं. बोंगसूननं बाही धरून ओढलं तेव्हा ती बसली.