बाळंतिणीचं पाणी

रुपीबाईनं सकाळीच सुनेच्या खोलीतून माठ, तांब्या, पेला सगळं बाहेर काढलं आणि स्वतः दारात ठाण मांडून बसली. आत मानी बाळंत झाली होती. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, हा तांड्याचा नेम. इतर सासवा डोळा चुकवून घोट दोन घोट देत. रुपीबाई कसली देते! तिची लेक झमकू पहिल्या बाळंतपणात गेली ती गोठ्यात, गुरांच्या पाण्याच्या डोणीपाशी. तोंड ओलं, पदर ओला. पाण्यानंच घात केला, असं रुपीबाईनं सगळ्यांना सांगितलं, आणि तेव्हापासून तांड्यात कुणीही बाळंत झालं की बोलावलं नाही तरी ती दारात पहाऱ्याला हजर. मायाच होती ती. अशी माया वैऱ्याच्याही वाट्याला न येवो.

वैशाख होता. आर्णीकडच्या त्या माळावर कोंबड्या चोच वासून सावलीला पडल्या होत्या. आतून मानी पहाटेपासून एकच म्हणत होती, "याडी, घोटभर." याडी म्हणजे आई, सासूला ती तेच म्हणायची. रुपीबाईनं तिला गुळाची लापशी भरवली, खाटेखाली निखारे सारले, कपाळावरून हात फिरवला. कपाळ चांगलंच तापलं होतं. तोंड तेवढं ओलं करावं म्हणून तिनं भिजवलेलं बोट मानीच्या ओठांवरून फिरवलं. मानी ते बोट चोखायलाच लागली. रुपीबाईनं घाबरून ते काढून घेतलं.

दुपारी सत्यशीला आली. ती सरकारी नर्स. गरोदर आणि बाळंत बायकांना भेटत गावोगाव पायी फिरायची. छप्पन साली तिच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला होता, पण तांड्याच्या लेखी ती अजून जुन्याच जातीची. बाळंतिणीला ती शिवली तर चालायचं, कारण बाळंतीण आधीच विटाळातली. माठाला शिवली असती तर लोकांनी माठ उपडा केला असता आणि तिला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. म्हणून तिनं माठाकडे पाहिलंही नाही. मानीची जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तान्हीला तिच्या छातीशी लावून पाहिलं. दुधाचा थेंब नव्हता. पोर रडून रडून थकली होती.

"मावशी, हिले आत्ता पाणी पायजे," ती म्हणाली. "उकळून निववलेलं, गूळ-मिठाचं. अन् गाडी जुंपा. तापासाठी आर्णीच्या दवाखान्यात न्या लागते."

"पाणी?" रुपीबाई उसळली. "माही पोरगी पाण्यानं मेली. तुमी कायले शिकवून राह्यल्या मले?"

"तिले ताप आलता का?"

"आलता."

"पाणी पेल्यावर, का आधी?"

रुपीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "निंघा," ती म्हणाली. "माह्या दारातून निंघा, बाई."

सत्यशीला बाहेर पडली, पण गेली नाही. समोरच्या कडुनिंबाखाली उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "तुमी तिले पाणी देईपर्यंत मी इथून हालत नाई. सांज होईल तं होऊ द्या."

रुपीबाई तणतणत पाठ फिरवून बसली. बाईला घालवता येतं, तिच्या सवालाला कसं घालवणार? आधी का नंतर? आधी. ताप चांगला आधीपासून होता. हे तिला ठाऊक होतं, कायमच ठाऊक होतं; आजवर कुणी विचारलं नव्हतं इतकंच. तेवढ्यात ध्यानात आलं की आतून मानीचा आवाज येत नाही.

खाट रिकामी होती. तान्ही एकटीच पडली होती आणि मागचं दार सताड उघडं होतं.

मानी गोठ्यात सापडली. रांगत गेली असावी, गुडघे मातीनं माखले होते. डोणीवर ओणवी होऊन ती शेवाळलेलं, कडब्याच्या काड्या तरंगणारं पाणी ओंजळीनं पीत होती. रुपीबाईचा हात उगारला गेला. मानीनं मान खांद्यात ओढली, पण ओंजळ सोडली नाही.

"येवढंच, याडी. येवढं पिऊ दे, मंग मार."

रुपीबाईचा हात वरच राहिला. मग तिनं असा हंबरडा फोडला की तांडा धावत आला. "बाई! ओ नर्सबाई!"

मानीला उचलून खाटेवर आणलं. तिचा नवरा देवीलाल गाडी जुंपायला पळाला. न्हाणासाठी उकळलेलं पाणी हंड्यात निवलं होतं. सत्यशीला सांगत गेली तसं रुपीबाईनं त्यात गूळ-मीठ घातलं, पेला भरला आणि सुनेच्या तोंडाला लावला.

मानीनं तोंड फिरवलं. डोणीवर तहानेनं तिला आंधळं केलं होतं. आता भीतीनं गाठलं. "नको. झमकूबाई पिऊनच मेली ना? तूच सांगतलं. आता मीबी मरीन." तिनं दात घट्ट आवळले. सत्यशीलेनं समजावलं, शेजारणींनी विनवलं, पण ती ऐकेना. सासूनं भरवलेलं भय तिच्या हाडीमाशी भिनलं होतं आणि ते दुसऱ्या कुणाला काढता येणार नव्हतं.

दारात तांड्यातल्या बायकांची दाटी झाली होती. त्यांतल्या दोघी पोटुश्या होत्या. रुपीबाईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मग सुनेच्या उशाशी बसली.

"झमकू पाण्यानं नाई मेली," ती म्हणाली. "तिले आधीच ताप होता. पाणी पाणी करत होती, म्या देल्लं नाई. डोणीपाशी पोचली तवा तिच्यात काई राह्यलंच नव्हतं. माही लेक तहानेली मेली, मानी. म्या मारली तिले."

मानी सासूच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं ओठ उघडले.

रुपीबाईनं पेला पुन्हा लावला. निम्मं पाणी मानीच्या गळ्यावर सांडलं, पण एक घोट उतरला, मग दुसरा. सत्यशीला म्हणाली, "हळूहळू, मावशी." पेला संपला तशी मानी म्हणाली, "अजून." रुपीबाईनं पुन्हा भरला. बाहेर गाडी जुंपून झाली होती आणि देवीलाल घाईनं हाका मारत होता.

"थांब रे!" रुपीबाई आतून ओरडली. "माह्या लेकीले पाणी पिऊ दे."